खुराकाचा खर्च कोणी करायचा?

अमेरिकेतील न्यायाधीश श्रीमती क्लॉडिया विल्केन यांनी ६ जून २०२५ रोजी एका तडजोडीस मान्यता दिली आणि त्या देशातील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रातील हौशीपणाचा बुरखा कायमचा गळून पडला. विद्यार्थी-खेळाडूने शिष्यवृत्तीपलीकडे छदामही घेऊ नये, असा दंडक तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने अनेक दशके चालविला होता. खेळ पाहावयास लाखभर प्रेक्षक जमत, दूरदर्शन-कंपन्या अब्जावधी डॉलर मोजीत, प्रशिक्षक गर्भश्रीमंत होत. कोरडा राहत असे तो फक्त घाम गाळणारा मुलगा! २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी या संघटनेविरुद्ध कौल दिला, तेव्हाच या व्यवस्थेचे दिवस भरले होते. आता जुन्या खेळाडूंना २.८ अब्ज डॉलरची भरपाई मिळावयाची आहे, आणि प्रत्येक संस्थेस पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम आपल्या खेळाडूंत वाटण्याची मुभा मिळाली आहे.

या वार्तेने ‘खेळाचे पावित्र्य गेले’ असा आक्रोश करणारे आपल्याकडेही निघतील. त्यांना आम्ही एवढेच विचारू, की हे पावित्र्य आले कोठून? एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात हेन्ली येथील नौकाशर्यतींच्या नियमांनी कारागीर आणि मजूर यांना हौशी मानण्यासच नकार दिला होता. हाताने काम करून पोट भरणारा तो हौशी नव्हे, असा या शब्दाचा मूळ अर्थ. क्रिकेटमधील ‘जंटलमन’ आणि ‘प्लेअर’ हा भेद इंग्रजांनी १९६२ साली मोडीत काढला. पण तोवर त्या सोवळ्याने अनेकांचे बळी घेतले होते. जिम थॉर्प या आदिवासी अमेरिकन खेळाडूने बेसबॉल खेळून किरकोळ पैसे घेतले, एवढ्यावरून १९१२च्या ऑलिंपिकमधील त्याची दोन सुवर्णपदके हिरावून घेण्यात आली. त्या स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागावयास २०२२ साल उजाडावे लागले!

आमच्या मातीत हे सोवळे कधीच नव्हते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लविद्येस आश्रय दिला, तेव्हा मल्लाच्या खुराकाची चिंता दरबाराने वाहिली आणि फडातील इनाम उजळ माथ्याने घेतले गेले. त्याच कोल्हापुरातील राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी, गोळेश्वरचा खाशाबा जाधव, १९५२ साली हेलसिंकीस निघाला, तेव्हा मात्र संस्थान उरले नव्हते आणि सरकारची तिजोरी सहजी उघडत नव्हती. प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. परतल्यावर कुस्त्यांची मैदाने भरवून त्यांनी प्राचार्यांचे कर्ज फेडले, असे सांगतात. थॉर्पला लावलेली मोजपट्टी कोणी खाशाबांना लावली असती, तर गुरूचे घर सोडविणारा हा मल्लही ‘धंदेवाईक’ ठरला असता.

त्यानंतर महाराष्ट्रास दुसरे वैयक्तिक पदक लाभावयास बहात्तर वर्षे लागली. २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळविणारे नेमबाज स्वप्नील कुसाळे हे रेल्वेचे तिकीट तपासनीस होते. पदक मिळताच शासनाने एक कोटी रुपये जाहीर केले. दिले याचा आनंदच आहे. परंतु पदकानंतरचा कोटी हा सत्कार झाला, खुराक नव्हे. खुराक लागतो तो सतराव्या वर्षापासून बाविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे नेमका मुलगा महाविद्यालयात असताना.

आम्हां गोमंतकीयांनाही हा व्यवहार नवा नाही. धेंपे, साळगावकर, सेसा या नावांच्या संघांमागे खाणमालकांचा पैसा होता, आणि खेळाडूची नोकरी पुष्कळदा हजेरीपटावर असे तर काम मैदानावर. त्या आश्रयावर आमचा फुटबॉल देशात गाजला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण आश्रय तो आश्रयच. २०१२ साली खाणी थांबल्या. २०१६ साली धेंपे, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले. कारण त्यांनी महासंघाच्या फेररचनेचे दिले आणि ते खरेही असेल. परंतु ज्या खेळाडूच्या पायाखालची जमीन सरकली, त्याच्या हाती हक्काचा कागद कोणता होता?

मध्य प्रदेशातील पांढुर्ण्याजवळच्या तिगावसारख्या गावाचे उदाहरण घ्या. तेथील संत्रीवाल्या शेतकऱ्याचा कबड्डी खेळणारा मुलगा शिकावयास नागपुरास आला असे समजा. महाराष्ट्रातील खेळाडूंचे पाच टक्के नोकरी-आरक्षण अधिवासाशी बांधलेले. ते त्याच्या कामाचे नाही. ‘खेलो इंडिया’तून दरमहा दहा हजार रुपये मिळतात, पण ते निवडलेल्या थोड्यांना. गुडघा दुखावला तर उपचाराचा खर्च बापाच्या माथी, आणि परीक्षा बुडाली तर वर्ष त्याचे. विद्यापीठाच्या नावाने तो मैदानात उतरतो, ढाल विद्यापीठाच्या कपाटात जाते. मग त्याच्या दुधाअंड्यांचा, विम्याचा आणि बुडालेल्या परीक्षेचा भार त्या विद्यापीठाने का उचलू नये?

अमेरिकेचे अनुकरण करा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तेथील पैशाचा मोठा वाटा फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या मुलांकडे जाणार हे उघड आहे. काही संस्थांनी तर खर्चाचा मेळ बसविण्यासाठी पोहण्याची नि टेनिसची पथकेच बंद केली. आपल्याकडे बाजारावर सोडले, तर क्रिकेटवाल्याचे ताट भरेल आणि खो-खो खेळणारी मुलगी उपाशी राहील. म्हणूनच आम्ही मागतो ते मानधन बाजारभावाने नव्हे, तर आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकास, मुलगा असो वा मुलगी, खेळ कोणताही असो, सारख्याच दराने.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न येणारच. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांकडून क्रीडाशुल्क घेतले जाते. त्यातील किती रक्कम खेळाडूच्या पोटापर्यंत पोहोचते आणि किती उद्घाटनाच्या मांडवात व प्रमुख पाहुण्यांच्या हारतुऱ्यांत जिरते, याचा हिशेब प्रत्येक विद्यापीठाने येत्या अंदाजपत्रकाबरोबर अधिसभेपुढे ठेवावा.