थंडीतले जड पाय

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या चढावर, तिकडे मिरजेजवळ दंडोबाच्या डोंगरवाटेवर, थंडीच्या पहाटे आपली मुलं-मुली भरतीसाठी धावतात. कचेरीच्या आधी आम्हीही अजिंक्यताऱ्यावर त्यांच्यामागे धावतो. परवा कुणाचाच पाय उचलेना. एक मुलगी म्हणाली, "काका, माझ्यानं काही भरती व्हायची नाही."

एका जड दिवसावरून असा निकाल लावू नये. गारठ्यात स्नायू आखडतात, अंग तापायला वेळ लागतो. आधी दहा मिनिटं भरभर चालावं, मग सावकाश पळावं. सावकाश पळण्यानंही दम वाढतो. पोलीस भरतीत मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० धावण्याचे. मुलींना ८०० मीटर, मुलांना १६००. ते एका पहाटेत मिळत नाहीत, तसे एका पहाटेत जातही नाहीत. दुष्काळी माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. तिथवर पोचायला वर्षानुवर्षांचा सराव लागला.

आईबापांनो, पोरगी उशिरा, धापा टाकत परतली तर "किती वेळ लावलास?" म्हणू नका. गरम भाकरी पुढं करा आणि उद्या पहाटे तिला हाक मारा.