नांगर, दोर आणि गोसीखुर्दचे पाणी

मराठीत शेतातला तो नांगर आणि जहाजाचाही नांगरच. मी शाळेत मराठीबरोबर भूगोलही शिकवला. दरवर्षी एखादा पोरगा विचारायचाच, "गुरुजी, समुद्रात कशाले नांगरते?" पोरे हसायची. पण प्रश्न मुळीच हसण्यासारखा नव्हता. १९३३ साली इंग्लंडमधले शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी जो नवा बोटीचा नांगर काढला, तो खरोखरच फाळासारखा आहे, आणि इंग्रजीत त्याला आजही नांगराच्याच नावाने ओळखतात. म्हणजे आपल्या भाषेला हे आधीच ठाऊक होते म्हणायचे!

आज हा विषय काढायचे कारण आमचा भाचा. तो युरोपात असतो. गेल्या उन्हाळ्यात मित्रांबरोबर शिडाची बोट भाड्याने घेऊन ग्रीसच्या बेटांमध्ये हिंडला. फोनवर सांगत होता, "मामा, तिथे आकाश निळेभोर, ढगाचा पत्ता नाही, आणि वारा असा की उभे राहवत नाही." जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून असा वारा वाहतो, मेल्तेमी म्हणतात त्याला. एका उघड्या खाडीत नांगर टाकून त्यांनी रात्र काढली, पण पाळीपाळीने एकजण जागा होता. किनाऱ्यावरचा एक दिवा आणि त्यामागच्या चर्चचा मनोरा एका रेषेत धरायचा. रेष मोडली आणि तशीच मोडत गेली, तर नांगर घसरतो आहे असे समजायचे. (बोट वाऱ्याने थोडी इकडेतिकडे झुलतेच, ते वेगळे.)

तुम्ही म्हणाल, भंडाऱ्याच्या माणसाला याचे काय? आपला तर तलावांचा जिल्हा. तलावात ढिवर बांधव डोंगा घेऊन जातात, थांबायचे तर बांबू चिखलात रोवतात, झाले. वैनगंगेतही पूर्वी तसेच होते. पण २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी गोसीखुर्दची पायाभरणी केली, धरणाला ३३ दरवाजे बसले, पाणी अडले आणि नदीचे रूपच पालटले. पवनीकडचे एक म्हातारे ढिवर मला म्हणाले, "गुरुजी, पह्यले नदी होती, आता समुंदर झाला." मला हे वाक्य अगदी शास्त्रीय वाटते. लाट किती मोठी होणार हे वाऱ्याच्या जोराइतकेच तो किती लांबवर मोकळ्या पाण्यावरून येतो यावरही ठरते. नदीच्या पात्रात त्याला तेवढी जागाच नव्हती. आता आहे. आणि जिथे पाणी खोल, तिथे बांबू काय करणार?

या पाण्यावर आता जलपर्यटन यायचे आहे. अंभोऱ्याचा नवा पूल पाहायला लोक येतातच. येऊ द्यावेत, चार पोरांना रोजगार मिळेल. पण बोलणी सगळी बोटी किती, धक्का कुठे, हॉटेल कुणाचे यावर. सुरक्षिततेचा विषय निघाला की "लाइफ जॅकेट देऊ" म्हणतात आणि विषय संपतो. जॅकेट हवेच, त्यावर वाद नाही. २३ जानेवारी २०२४ ला याच वैनगंगेत, खाली चामोर्शी तालुक्यात, मिरची तोडायला निघालेल्या सहा मजूर बाया डोंगा उलटून बुडाल्या. तिथे जॅकेटच हवे होते. पण त्याच वर्षी २१ मे ला उजनीच्या पाण्यात काय झाले ते पाहा. संध्याकाळी अचानक वादळी वारा सुटला, बोट उलटली, सहाजण गेले, एकटा पोहून काठाला लागला. उजनी काय आणि गोसीखुर्द काय, दोन्ही धरणाचेच पसरट, उघडे पाणी. नांगर असता तर ती माणसे वाचली असती असे मी म्हणणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण एवढे निश्चित की इंजिन बंद पडले की बोट वाऱ्याला आडवी होते, आणि आडव्या बोटीत लाट सहज शिरते. नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, नांगर टाकला तर तोंड वाऱ्याकडे राहते. मागच्या बाजूने टाकला तर मात्र तोच नांगर बोट बुडवायला मदत करतो. हा एवढा फरक प्रत्येक बोटवाल्याला माहीत असायला नको का?

दुसरी गोष्ट दोराची. लोकांना वाटते नांगर म्हणजे जड लोखंड, जितके जड तितके बरे. तसे नाही हो. शेतकऱ्याला हे लगेच कळेल. ओढ आडवी असली तर फाळ मातीत राहतो, वर ओढले की उसळून येतो. बोटीचेही तसेच. पाणी ५ मीटर खोल असेल तर किमान २५ मीटर दोर सोडायला हवा, वारा जोराचा असेल तर ३५. खोली मोजताना पाण्यापासून नाळेपर्यंतची उंचीही धरायची. नांगराजवळ दोन-चार मीटर साखळी असली की ओढ आणखी आडवी होते. टाकतानाही ढीग करून फेकायचा नाही. तोंड वाऱ्याकडे करून थांबायचे, नांगर तळाला टेकू द्यायचा, बोट मागे सरकेल तसा दोर सोडत जायचे आणि शेवटी एक हिसका देऊन तो रुतला का ते पाहायचे. दोराच्या वेटोळ्यात पाय नको. आमच्याकडे आणखी एक भानगड आहे. खाली बुडालेल्या बांध्या आहेत, त्या गाळात नांगर छान रुतेल. पण बुडालेली झाडे, घरांच्या भिंती, विहिरीही आहेत. तिथे अडकला तर सुटायचा नाही, म्हणून दोर कापायला धारदार सुरी हाताशी हवी. हा तळ कुठे कसा आहे ते त्या गावांतल्या विस्थापितांइतके कुणाला ठाऊक असणार? त्यांना विचारून नकाशा करायला काय हरकत आहे?

नांगरावर फार भिस्तही ठेवू नये. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा होता, त्यावर २६१ माणसे. वादळाचा इशारा आधीच आलेला. तराफा नांगरलेला होता, नांगर तुटले, तो भरकटला आणि १७ मे ला बुडाला. नौदलाने पराकाष्ठा करून बऱ्याच जणांना वाचवले, तरी किमान ७० माणसे गेली. कोकणातले कोळी वादळाची चाहूल लागताच जयगड, देवगडच्या आडोशाला जातात, उघड्यावर नांगर टाकून बसत नाहीत. आपल्याकडे आडोसा कुठे कुठे आहे, हे आधी ठरवून तिथे खुणेचे खांब उभे करायला हवेत.

"ढिवरांची पोरे पाण्यातच जन्मतात, त्यांना काय शिकवायचे?" असे एक पुढारी मला म्हणाले. त्यांच्या पोहण्याबद्दल शंका कुणालाच नाही. पण बोटीत ती एकटी नसणार, नागपूरहून आलेली, पोहता न येणारी माणसे असणार. म्हणून माझे म्हणणे असे की पर्यटकांची पहिली बोट सुटण्याआधी कोकणातले दोन-तीन अनुभवी तांडेल पवनीला बोलवावेत, आठ दिवस आमच्या पोरांना नांगर टाकायला आणि काढायला शिकवावे, तेही वारा असताना. आणि ज्या बोटीत नांगर व पुरेसा दोर नाही तिला परवाना देऊ नये. दोराचा खर्च किती? धक्क्यावरच्या कमानीच्या रंगाइतकाही नसेल.