निकाल लागला, नोंद राहिली

"तुमचं काय बाई, मजा आहे! एकदा निकाल वाटले की दीड महिना सुट्टी."

हे वाक्य दर मे महिन्यात मला किमान चार जण ऐकवतात. एक जाऊबाई, एक शेजारच्या काकू, एक बँकेत नोकरीला असलेला आतेभाऊ (तो हे वाचणार आहे, त्याने हलकंच घ्यावं) आणि एखादा हमखास रिक्षावाला. पूर्वी मी लगेच यादी वाचून दाखवायचे. २०२४ च्या लोकसभेला नाशिक आणि दिंडोरीचं मतदान २० मे रोजी होतं, म्हणजे ऐन सुट्टीत, आणि मतदान केंद्रांवर कोण बसतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०१० च्या उन्हाळ्यात जनगणनेची घरयादी होती. २०२७ च्या जनगणनेच्या घरयादीसाठीही एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हाच काळ ठरवला गेला. शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका असं सांगतं खरं, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामं त्यातून वगळलेली आहेत. शिवाय शाळा मराठी माध्यमाची असेल तर मे महिन्यात दारोदार फिरून पाचवीसाठी मुलं गोळा करायची. पट घसरला की तुकडी जाते, आणि तुकडी गेली की स्टाफरूममधला कुणीतरी 'अतिरिक्त' ठरतो.

असो. ही यादी ऐकून कुणाचं मत बदललेलं मी अजून पाहिलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर सुट्टी मिळते, आणि मला ती प्रचंड आवडते. :) माझं भांडण सुट्टीशी नाहीच. ते सुट्टीच्या आधीच्या आठवड्याशी आहे.

ज्यांचा शाळेशी संबंध सुटून वीस-पंचवीस वर्षं झाली, त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. आपल्या वेळी प्रगतिपुस्तकात गुण असायचे, वर्गातला नंबर असायचा आणि शेऱ्याच्या रकान्यात 'अभ्यास वाढवावा' किंवा 'प्रगती समाधानकारक' एवढंच. मग २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. (नाव एका दमात म्हणून बघा.) त्यात पहिली ते आठवीच्या मुलांना अ-१ पासून इ-२ पर्यंत श्रेणी आल्या, आणि त्यांच्या सोबत आल्या वर्णनात्मक नोंदी. मुलाची विशेष प्रगती कशात, आवड किंवा छंद काय, सुधारणा कुठे हवी, हे शिक्षकाने शब्दांत लिहायचं.

कल्पना मला तेव्हाही आवडली होती आणि आजही आवडते. वर्षभर एखादं मूल तुमच्यासमोर बसतं, तुम्ही त्याला रोज बघता, तर एप्रिलअखेरीला तुमच्याकडे त्याच्याबद्दल काहीतरी असतं जे आकड्यात मावत नाही. ते लिहून ठेवा, पुढच्या शिक्षकाच्या उपयोगी पडेल. इतकी साधी आणि शहाणी गोष्ट आहे ही.

पण गणित करून बघा. माझ्या सहावीच्या वर्गात ४४ मुलं. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण, असे नऊ विषय. म्हणजे एका सत्राच्या ३९६ नोंदी, दोन सत्रांच्या ७९२. सगळे विषय एका शिक्षकाकडे नसतात, हे बरोबर. पण शेवटी प्रगतिपुस्तकं पूर्ण करून, सह्या घेऊन, कपाटात लावून ठेवायची ती वर्गशिक्षकानेच. मग बाजाराने नेहमीप्रमाणे मदतीचा हात पुढे केला. विषयवार तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या, नंतर त्यांच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरू लागल्या. 'स्पष्ट उच्चारात वाचन करतो.' 'परिसरातील घटकांची माहिती सांगते.' 'गणिती क्रियांत चुका करतो.' क्रमाने उतरवत गेलं की झालं. दर दहा मुलांनंतर वाक्यं परत पहिल्यापासून.

या पुस्तिका वापरणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. ७९२ वाक्यं, तीही खरी, तीही वेळेत, असं मागितलं तर माणूस काय करणार? आणि वेळ तर कमीच होत चाललाय. पूर्वी वार्षिक परीक्षा साधारण एप्रिलच्या मध्यावर आटोपायची आणि १ मेपर्यंत हातात बरे दिवस उरायचे. २०२५ मध्ये राज्याने पहिली ते नववीसाठी एकच वेळापत्रक काढलं, ८ ते २५ एप्रिल. २५ ला शुक्रवार होता. १ मे गुरुवारी. मधले दिवस पाच, त्यात एक रविवार. तेवढ्यात पेपर तपासायचे, गुणतक्ते, श्रेणी, नोंदी, निकालपत्रक, सगळं. शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या संघटनांनी तेव्हा बरीच ओरड केली. वर्तमानपत्रांत ती बहुतेक उन्हाबद्दलची ओरड म्हणून आली. ऊन होतंच. त्याच वर्षी उन्हामुळे प्राथमिक शाळा सकाळी ७ ते ११:१५ आणि माध्यमिक ७ ते ११:४५ करायला सांगितलं होतं. पण उन्हावर पाणी आणि टोपी हे उपाय तरी असतात. पाच दिवसांवर उपाय नव्हता.

सरकारची बाजू अगदीच चुकीची नाही, हेही म्हणते. परीक्षा लवकर उरकली की मुलं शाळेत यायची बंद होतात. एप्रिलचे दोन आठवडे नुसते वाया जातात. हे आम्ही सगळ्यांनी बघितलंय. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला असलेल्या पालकांची मुलं शेवटच्या पेपरच्या संध्याकाळीच एसटीने धुळ्या-जळगावकडे गेलेली असतात, आणि उत्तर प्रदेश-बिहारकडच्यांची रेल्वेची तिकिटं तर दोन महिने आधीच काढलेली असतात. रोग खराच आहे. पण मुलं परीक्षेनंतर येत नाहीत याचं कारण, परीक्षेनंतर शाळेत त्यांच्यासाठी काही नसतं. परीक्षाच शेवटाला नेऊन ठेवली की मुलं हजर राहतात, पण वर्ष मात्र पेपरच्या घंटेसरशी तुटतं. तपासलेला पेपर मुलाच्या हातात पडत नाही. कुठे चुकलं हे त्याला कधीच कळत नाही. कळते ती श्रेणी, १ मेला, झेंडावंदनानंतर, रांगेत उभं राहून.

मागे एका वर्षी पेपर लवकर तपासून झाले होते तेव्हा मी वर्गाला सांगितलं, शनिवारी या, पेपर बघायला मिळतील. ४४ पैकी ३१ आली. दोन तास नुसता गोंधळ. "बाई, हे बरोबर आहे ना?" "बाई, याला अर्धा कापला, मला एक का?" त्या दोन तासांत अपूर्णांक जितक्यांना समजले तितके फेब्रुवारीत समजले नव्हते.

आता तयार वाक्यांनी नेमकं काय बुडतं ते सांगते. नावं देत नाही, आणि खुणाही थोड्या इकडेतिकडे केल्यात.

एक मुलगी. गणितात ब-२. पुस्तिकेप्रमाणे नोंद: 'गणिती क्रियांत चुका करते.' खरी गोष्ट अशी की ती वहीतलं उदाहरण बरोबर सोडवते आणि फळ्यावरचं चुकवते, कारण फळ्यावरच्या ९ चा तिच्या वहीत १ होतो. तिला गणित येतं. तिला दिसत नाही. हे मला दिवाळीनंतर लक्षात आलं, पुढे बसवलं, घरी चिठ्ठी दिली. चष्मा एप्रिलपर्यंत आलेला नव्हता. आता जूनमध्ये ती सातवीत जाईल, पटाच्या क्रमाने कुठेतरी चौथ्या बाकावर बसेल, आणि नव्या शिक्षकांना तिची चूक दिवाळीनंतर कळेल.

दुसरा, बुधवारी कधीच न येणारा. हजेरीवरून नोंद: 'उपस्थिती अनियमित.' बुधवारी गंगेवर बाजार भरतो (नाशिकबाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) आणि हा आईबरोबर तिथे भाजीच्या पथारीवर असतो. अनियमित कसला, घड्याळासारखा नियमित आहे तो! हे माहीत असलेला शिक्षक नवा धडा बुधवारी सुरू करणार नाही. आईशी बोलून निदान सकाळचे दोन तास तरी मिळवेल. माहीत नसलेला हजेरीवर लाल खूण करत राहील.

आणि तिसरा माझा लाडका. निफाडकडचा, मामाकडे राहून शिकतो. वाचन अडखळत, लेखन त्याहून वाईट. पण 'अन्नाची साठवण' असा काहीतरी विषय निघाला तेव्हा त्याने दहा मिनिटं कांद्याची चाळ समजावून सांगितली. खालून हवा का लागते, पाला कापताना मान किती ठेवायची, जाड मानेचा कांदा चाळीत का टिकत नाही. सगळा वर्ग गप्प. त्याच्यासाठी पुस्तिकेतलं वाक्य आहे: 'परिसरातील घटकांची माहिती सांगतो.' सांगतो ना! पण या वाक्यातून पुढच्या बाईंना हे कसं कळणार की या मुलाला वाचायला लावायचं असेल तर आधी कांद्याच्या बाजारभावाची बातमी हातात द्या?

आमच्या स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ सरांचं मत अगदी उलट आहे, आणि ते मला सहज उडवून लावता येत नाही. ते म्हणतात, पोरांना जूनमध्ये कोरी पाटी मिळू द्या. तुम्ही लिहिलेलं वाचून पुढचा माणूस आधीच चष्मा लावून बसणार. सहावीत मस्तीखोर होता म्हणून सातवीत पहिल्या दिवसापासून त्याच्यावर डोळा. यात तथ्य आहे. 'आळशी', 'उद्धट', 'लक्ष नसतं' असली लेबलं मुलाच्या मागे वर्षानुवर्षं चालत येतात, आणि कधीकधी ती लावणाऱ्या शिक्षकाची बदली होऊन गेलेली असते तरी लेबल शाळेतच राहतं. म्हणून माझा नियम सरळ आहे. निवाडा लिहायचा नाही. स्वभाव लिहायचा नाही. पुढच्याला उद्या सकाळी वर्गात वापरता येईल असंच लिहायचं. 'फळ्याजवळ बसवा.' 'बुधवार.' 'कांदा.' सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग एवढ्याला ७९२ नोंदी कशाला, ४४ ओळी पुरे की." मी म्हटलं, सर, मी तेच तर म्हणतेय!

खरंच ४४ ओळी पुरतील. नव्या धोरणातलं समग्र प्रगती पत्रक येतंय, त्यात मूल स्वतःबद्दल, मित्र मित्राबद्दल, पालक मुलाबद्दल असं सगळ्यांनी लिहायचं आहे. कागदावर ते सुंदर आहे. पण रकाने वाढले आणि दिवस तेवढेच राहिले, तर तयार वाक्यांची आणखी जाड पीडीएफ निघेल, दुसरं काही होणार नाही. माझ्या हातात असतं तर मी नोंदींचे निम्मे रकाने काढून टाकले असते, परीक्षा २० एप्रिलच्या आत संपवली असती आणि त्यानंतर चार दिवस मुलांना पेपर बघायला बोलावलं असतं, पोषण आहारासकट. त्यात एक तास जुन्या आणि नव्या वर्गशिक्षकांनी समोरासमोर बसायचं, निदान जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी तरी. डॉक्टर ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देतात, कारखान्यात पहिली पाळी दुसऱ्या पाळीला मशीनचं सांगून जाते. आम्ही ४४ मुलं पुढे पाठवतो आणि सोबत देतो फक्त गुणतक्ता.

ते होईल तेव्हा होईल. या सुट्टीतलं माझं काम तेवढंच ठरलंय. दोनशे पानी वही आणली आहे, एका मुलाला एक पान, पानावर एक-दोन ओळी. रोज तीन मुलं, सकाळी चहानंतर, ऊन चढायच्या आत. पहिले दोन दिवस वाटलं होतं पटापट होईल. होत नाही. गडबड करणारी मुलं लगेच डोळ्यासमोर येतात, हुशारही येतात. मधली, शांत, क-१ वाली मुलं आठवायला वेळ लागतो. त्यांच्यासाठी वर्षभराच्या वह्यांचे, निबंधांचे, कार्यानुभवाच्या वस्तूंचे गठ्ठे घरी घेऊन आलेय, आणि त्यामुळे बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. कागदी फुलांचा एक आख्खा खोका दिवाणाखाली आहे. घरचे काही बोलत नाहीत, पण आवाज करत चालतात.

पाचवी-आठवीच्या शिक्षकांचं आणखी वेगळं चाललंय. त्या दोन वर्गांना आता वार्षिक परीक्षेत नापास होता येतं, मग जूनमध्ये फेरपरीक्षा, आणि त्याआधी त्या मुलांना मार्गदर्शन. त्यांची सुट्टी आणखी आखूड. त्यांच्याकडे बघितलं की माझी वही म्हणजे चैनच वाटते.

सातवीला वर्गशिक्षक कोण असणार हे शाळा सुरू होण्यापूर्वीच्या मीटिंगला कळेल. ज्येष्ठ सरच आले तर गंमत आहे. त्यांनी वही घेतली नाही तरी तीन पानं मी त्यांना तिथेच वाचून दाखवणार आहे. चष्म्याच्या पानासाठी तर जूनपर्यंतही थांबायचं नाहीये, तिच्या आईला या आठवड्यात फोन करते.

बाकी सुट्टी म्हणजे सुट्टी. संध्याकाळी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला, घाटावरचा वारा, येताना भेळ. दुपारी आंबे आणि झोप. ताई, कुरडयांचे गहू तू रविवारी भिजत घाल, चीक काढायला मी बुधवारी सकाळी येते. आदल्या संध्याकाळी नको, व्याख्यान आहे. येताना तो कागदी फुलांचा खोका तुझ्याकडे ठेवायला आणला तर चालेल का?