लाल होता, निळा झाला...

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर भांडण नको. मी लिव्हरपूलवाला आहे. आमच्या विंगमध्ये युनायटेडवाले आहेत, चेल्सीवाले आहेत, आर्सेनलवाले तर जरा जास्तच आहेत, आणि एक बिचारा एव्हर्टनवाला आहे (हो, असतात!). शनिवार-रविवारी रात्री कॉमन रूममध्ये जो आरडाओरडा होतो आणि ज्याच्यामुळे रेक्टर सरांना झोप सोडून खाली यावं लागतं, त्यात माझाही आवाज असतो. सॉरी सर. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी थोडं सांभाळून घ्या. विषय मात्र मनापासूनचा आहे.

विषय असा की, ज्या मॅनेजरनं तुमच्या टीमला आयुष्यभर पुरेल अशी एक रात्र दिली, तोच उद्या तुमच्या कट्टर शत्रूच्या डगआऊटमध्ये जाऊन बसला तर तुम्ही काय करायचं? टाळ्या वाजवायच्या, शिव्या घालायच्या, की सरळ उठून मॅगी करायला जायचं?

आता क्रिकेटवाल्यांसाठी थोडं बॅकग्राऊंड. लिव्हरपूल हे इंग्लंडमधलं बंदराचं शहर. तिथे दोन मोठे क्लब, लाल लिव्हरपूल आणि निळा एव्हर्टन. एव्हर्टन जुना, १८७८ चा. गंमत म्हणजे लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर आधी एव्हर्टनच खेळायचा! जॉन हौल्डिंग नावाच्या गृहस्थाशी भाड्यावरून वाजलं, १८९२ मध्ये एव्हर्टन बाहेर पडून स्टॅनली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कला गेला, आणि रिकाम्या मैदानासाठी हौल्डिंगनं नवाच क्लब काढला. तोच आमचा लिव्हरपूल. २०२५ मध्ये एव्हर्टनचा पुरुष संघ बंदराजवळच्या नव्या स्टेडियमला गेला, तोपर्यंत दोघांच्या मध्ये फक्त एक बाग होती. एकाच घरात एक भाऊ लाल आणि एक निळा हे तिथे सर्रास चालतं. थोडक्यात काय, तर भाऊबंदकी! आणि भाऊबंदकीतला राग कसा असतो ते आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको.

या भाऊबंदकीत २००४ मध्ये राफाएल बेनिटेझ नावाचा स्पॅनिश माणूस लिव्हरपूलचा मॅनेजर म्हणून आला. पहिल्याच सीझनला, २५ मे २००५ च्या रात्री, इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगची फायनल. समोर एसी मिलान. हाफटाइमला मिलान ३-० नं पुढे. म्हणजे मॅच संपल्यातच जमा. बेनिटेझनं हामानला आत आणलं, मागे तीनच डिफेंडर ठेवून मिडफिल्ड भरलं, आणि दुसऱ्या हाफमध्ये सहा मिनिटांत तीन गोल झाले. जेरार्ड, श्मिट्सर, अलोन्सो. मग पेनल्टी शूटआऊट ३-२ नं जिंकून कप आमचा! माझा जन्म त्याच वर्षीचा, त्यामुळे ही मॅच मी लाइव्ह बघण्याचा प्रश्नच नाही. पण यूट्यूबवर ती किती वेळा बघितली याचा हिशेब नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री तर हटकून. जर्नलची अर्धी पानं कोरी असली तरी हाफटाइमला ३-० आहे असं समजायचं आणि लिहायला बसायचं.

२०१० मध्ये बेनिटेझ गेला. गेला म्हणजे 'परस्पर संमतीनं' गेला. याचा अर्थ काय असतो ते नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. जाताना त्यानं हिल्सबरोच्या मृतांच्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संघटनेला ९६ हजार पौंड दिले. १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियमवरच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९६ चाहते गेले असं तेव्हा मोजलं जायचं, प्रत्येकामागे एक हजार. (२०२१ मध्ये ९७ व्या मृत्यूची त्यात नोंद झाली.) त्याचं घर त्या भागातच राहिलं. म्हणजे हा माणूस पगारापुरता लाल नव्हता.

आणि ३० जून २०२१ ला हाच माणूस एव्हर्टनचा मॅनेजर झाला!

एकोणिसाव्या शतकातल्या विल्यम बार्कलेनंतर दोन्ही क्लब सांभाळणारा हा पहिलाच. वर आणखी एक लोच्या होता. २००७ मध्ये ॲनफिल्डवर ०-० अशी डर्बी झाल्यावर याच बेनिटेझनं एव्हर्टनला 'छोटा क्लब' म्हटलं होतं. निळे ते विसरले नव्हते. सही होण्याआधीच त्याच्या घराच्या परिसरात, तू कुठे राहतोस ते आम्हाला ठाऊक आहे, सही करू नकोस, अशा अर्थाचा बॅनर लागला. लाल बाजूला दुखावलेपण आणि निळ्या बाजूला संताप. दोघांनाही नको असलेलं लग्न!

अशा वेळी आपल्याकडे लगेच दोन पार्ट्या पडतात. पहिली 'प्रोफेशनल' पार्टी. यांचं म्हणणं, नोकरी आहे यार, जास्त पगार मिळाला तर तूही जाशील, इमोशनल काय होतोस? दुसरी 'गद्दार' पार्टी. (गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात हा शब्द इतका वापरला गेलाय की त्याची धारच गेलीय.) यांचं म्हणणं, खाल्ल्या मिठाला जागला नाही, आता इस्तंबूलचं नावही काढायचं नाही.

मला दोन्ही पार्ट्या पटत नाहीत.

आधी गद्दारवाल्यांचं बघू. गद्दारी करायला माणूस आधी तुमच्यात असावा लागतो. बेनिटेझला लिव्हरपूलनं अकरा वर्षांपूर्वीच निरोप दिला होता. होझे मोरिन्योचंही तेच. चेल्सीला तीन प्रीमियर लीग जिंकून दिलेल्या या माणसाला क्लबनं डिसेंबर २०१५ मध्ये काढलं, आणि २०१६ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडला गेला. मार्च २०१७ मध्ये एफए कपच्या मॅचला तो स्टॅम्फर्ड ब्रिजवर आला तेव्हा चेल्सीचे लोक त्याला 'ज्यूडास' म्हणून ओरडले. शाळेत दर गुड फ्रायडेच्या आधी ज्यूडासची गोष्ट ऐकलेला मी एवढं खात्रीनं सांगू शकतो की ज्यूडासला आधी कुणी कामावरून काढलेलं नव्हतं! मोरिन्योनं तीन बोटं वर केली. तीन टायटल. नंतर तो म्हणाला की चार जिंकून देणारा कुणी येईपर्यंत हा ज्यूडासच एक नंबर. उर्मट आहे, पण चुकीचं काय बोलला? आर्सेनलचा जॉर्ज ग्रॅहॅम घ्या. १९८९ आणि १९९१ ला लीग जिंकून दिली, १९९५ मध्ये क्लबनं काढलं, १९९८ मध्ये तो टॉटनहॅमला गेला. तिघांनाही आधी क्लबनंच घरी पाठवलं होतं. आपणच दार लावायचं आणि मग तो शेजारी का गेला म्हणून बोंबलायचं, हे काही बरोबर नाही.

आता प्रोफेशनलवाले खूश झाले असतील. थांबा. 'नोकरीच तर आहे' हे वाक्य फुटबॉलमध्ये अर्धंच खरं आहे. क्लब आपल्याला तिकीट, जर्सी, मफलर विकतो ते काय सांगून? तर हे घर आहे, हे कुटुंब आहे, तू आमचा आहेस. मैदानभर लोक ज्याच्या नावानं गातात तो नुसता कर्मचारी राहत नाही. भावनेच्या जोरावर धंदा करायचा, आणि भावना दुखावली की 'हा तर बिझनेस आहे' म्हणायचं, ही सोयीची भूमिका झाली. उद्या आपल्यापैकी कुणी एका आयटी कंपनीतून समोरच्या कंपनीत गेलं तर बॅनर लागणार नाही. कारण पहिल्या कंपनीत आपल्या नावाचं गाणं कुणी म्हटलेलं नसतं!

मला हे सगळं थोडं कळतं त्याला कारण आहे. बारावीला ऐन जानेवारीत आमचे क्लासचे फिजिक्सचे सर समोरच्या क्लासला गेले. आठवडाभरात त्यांचा हसरा फोटो समोरच्या फ्लेक्सवर. सीईटी तोंडावर, अर्धा सिलॅबस रिव्हिजनचा बाकी. अर्धी बॅच म्हणाली पैशासाठी गेले, अर्धी म्हणाली यांनाही घर आहे, हप्ते आहेत. दोन्ही खरंच असेल. मला त्यांचा राग आला होता आणि तो अजून पूर्ण गेलेला नाही. पण आज मेकॅनिक्सचं गणित समोर आलं की पहिल्यांदा मी फ्री बॉडी डायग्रामच काढतो, कारण 'आधी आकृती, मग तोंड' हे सरांनी डोक्यात बसवलंय. आता रागावलोय म्हणून आकृती काढणं सोडू का?

माझं म्हणणं एवढंच आहे. उपकाराचं खातं वेगळं आणि रागाचं खातं वेगळं. एकातली रक्कम दुसऱ्यात वळती करायची नाही. बेनिटेझ एव्हर्टनला गेला म्हणून इस्तंबूलच्या सहा मिनिटांतलं एक सेकंदही कमी होत नाही. आणि इस्तंबूल दिलं म्हणून त्याला निळ्या क्लबच्या लाइनवर बघताना पोटात जे कालवतं, ते खोटं ठरत नाही. 'मिक्स्ड फीलिंग' म्हणजे गोंधळ नव्हे. दोन खऱ्या गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, इतकंच.

लिव्हरपूलच्या लोकांना हे बऱ्यापैकी जमलं होतं. बेनिटेझ चेल्सीचा हंगामी मॅनेजर असताना एप्रिल २०१३ मध्ये ॲनफिल्डला आला, तेव्हा लोकांनी त्याचं प्रेमानं स्वागत केलं आणि मग मॅचभर चेल्सीच्या विरोधात घसा फोडला. मॅच २-२ सुटली. मजा बघा, तेव्हा त्याच्या स्वतःच्या क्लबचे, म्हणजे चेल्सीचे चाहतेच त्याच्यावर चिडलेले होते, कारण एके काळी तो लिव्हरपूलचा होता! त्यानं मे २०१३ मध्ये त्यांना युरोपा लीग जिंकून दिली तरी त्यांच्यात प्रेम काही उतू गेलं नाही.

इथे नव्या क्लबच्या चाहत्यांचाही विचार करायला हवा, आपण तो करतच नाही. नेहमीचा मॅनेजर चार मॅच हरला तर लोक म्हणतात, वेळ द्या. शत्रूकडून आलेल्याला ही उधारी मिळत नाही. एव्हर्टननं त्या सीझनच्या पहिल्या सहा लीग मॅचपैकी चार जिंकल्या, तेव्हा सगळे गप्प होते. पुढच्या तेरा मॅचमध्ये फक्त एक विजय, आणि सगळा जुना हिशेब बाहेर! १६ जानेवारी २०२२ ला बेनिटेझ घरी. खेळ वाईट होताच, पण पाठीशी उभं राहायला कुणीच नव्हतं. ग्रॅहॅमनं तर १९९९ मध्ये टॉटनहॅमला लीग कप जिंकून दिला, तरी तिथले लोक गाण्यात त्याचं नाव घेत नसत, 'रेनकोटवाला माणूस' म्हणून वेळ मारून नेत! क्लबचे मालक कोट्यवधींचा हिशेब मांडतात, पण त्यात हा एक कॉलमच नसतो.

त्या सीझनची गुडिसनवरची डर्बी, १ डिसेंबर २०२१. आपल्याकडे रात्री पावणेदोन. आम्ही ४-१ नं जिंकलो, सालाहचे दोन गोल. मी उशीत तोंड खुपसून ओरडलो, कारण घरचे झोपले होते. मध्येच कॅमेरा बेनिटेझवर गेला. एकटा उभा. चारही बाजूंचे निळे लोक चिडलेले, कोपऱ्यातले लाल लोक जल्लोषात. मला गोलाचा आनंद झालाच, आणि तरी त्या माणसासाठी वाईट वाटलं. तेव्हा वाटलं, बरं झालं दोन्ही वाटतंय.

एक गोष्ट मात्र कुठल्याच खात्यात बसत नाही, ती म्हणजे घराजवळचा तो बॅनर. मैदानात ओरडा, शिट्ट्या मारा, गाण्यातून नाव वगळा. ते सगळं खेळाच्या आत आहे. माणसाच्या घरापर्यंत गेलात की खेळ संपला. हिल्सबरोनंतर याच शहरानं स्टॅनली पार्कमधून एका मैदानापासून दुसऱ्यापर्यंत लाल-निळे मफलर बांधून साखळी केली होती. हेच शहर तेही करू शकतं.

दोन वर्षांनी आपण सगळे प्लेसमेंटला बसू, कंपन्या बदलू, कुणीतरी आपल्यालाही 'गेला पैशासाठी' म्हणेल. म्हणू दे. पण ज्यांनी आपल्याला काही शिकवलं ते उद्या कुठल्याही डगआऊटमध्ये दिसले, तर त्यांना हरवायचा जोरदार प्रयत्न करू आणि मॅच संपल्यावर जाऊन हात मिळवू. एवढं जमायला काय हरकत आहे?

बघा पटतंय का. नाही पटलं तर रूमवर या. चहा माझा, वाद तुमचा. फक्त एव्हर्टनवाल्यानं येताना बिस्किटं आणावीत!