भगदाड दाखवणाऱ्याला चोर ठरवू नका

सातबारा, पीक पाहणी, विमा, अनुदान... शेतकऱ्याचं सगळं दप्तर आता संगणकात गेलं आहे. या दप्तराला कुठे भगदाड पडलं आणि ते एखाद्या जाणकाराच्या नजरेस आलं, तर त्याने सांगायचं कुणाला?

'पीएम-किसान'चंच घ्या. वर्षाला ६ हजार रुपयांच्या या योजनेत देशातल्या ११ कोटींहून अधिक शेतकऱ्यांनी नावं नोंदवली. त्यांचे आधार क्रमांक संकेतस्थळाच्या एका भागातून बाहेरच्याला मिळू शकतात, हे एका सुरक्षा-संशोधकाला दिसलं. जानेवारी २०२२ च्या अखेरीस त्याने दिल्लीच्या 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेला कळवलं. भगदाड बुजलं मे महिन्याच्या अखेरीस. म्हणजे सांगूनही चार महिने गेले!

दुसरी अडचण कायद्याची. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरलं तर भरपाई द्यावी लागते. हेतू वाईट असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चोराला शिक्षा हवीच. पण सावध करणाऱ्याला या कायद्यात वेगळं संरक्षण नाही. हेतू चांगला होता हे पटवायला पोलीस ठाण्याचे हेलपाटे कोण घालणार? त्यापेक्षा माणूस गप्प बसतो, आणि चोराचं फावतं.

नेदरलँड्सने २०१३ मध्येच यासाठी नियमावली केली. तिथलं सरकार दोष कळवणाऱ्याला आभारादाखल टी-शर्ट देतं. अमेरिकेने २०२० मध्ये केंद्रीय खात्यांना दोष कळवण्याची रीत जाहीर करायला लावली. संकेतस्थळावर एका लहानशा फाइलीत संपर्काचा पत्ता ठेवायचा, असा जागतिक नमुनाही एप्रिल २०२२ मध्ये ठरला. त्याला ना टेंडर लागतं, ना नवी यंत्रं.

राज्याच्या सातबाऱ्याचा कारभार पाहणारं जमाबंदी आयुक्त कार्यालय पुण्यातच आहे. संगणकाची जाणकार पोरंही पुण्यात थोडीथोडकी नाहीत. म्हणून सुरुवात इथूनच व्हावी. शेतकऱ्याची माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळावर तीन गोष्टी मराठीत लिहिलेल्या असाव्यात: दोष कुठे कळवायचा, उत्तर किती दिवसांत मिळेल, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर खटला होणार नाही.

जाणकारांनीही पथ्य पाळावं. दोष दिसला की थांबावं, कुणाची माहिती उतरवून घेऊ नये. आणि असा कुणी ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात आला, तर त्याला हुसकावू नका. त्याचं म्हणणं लेखी घ्या, पोच द्या आणि त्याच दिवशी वर धाडा. दप्तर आपलं आहे.