विश्लेषण : एचआयव्ही असलेल्या आईने बाळाला अंगावर पाजावे का? अडते कुठे?

दरवर्षी १ ते ७ ऑगस्टला स्तनपान सप्ताह साजरा होतो. आईचे दूध किती मोलाचे, हे दवाखान्यादवाखान्यांत सांगितले जाते. पण आईला एचआयव्ही असेल तर? सातारा जिल्ह्यातल्या मेढ्यासारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही. मेढा हे जावळी तालुक्याचे ठिकाण. इथल्या अनेक घरांतला कर्ता माणूस वर्षानुवर्षे मुंबईत माथाडी कामगार म्हणून राबतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) जुन्या वर्गवारीत सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे सर्वाधिक लागणीच्या ‘अ’ गटात होते.

प्रश्नाचे थोडक्यात उत्तर : आईची एआरटी औषधे नियमित सुरू असतील तर पाजावे.

मग पूर्वी ‘पाजू नका’ का सांगत?

कारण विषाणू दुधातून जातो. काहीच उपचार नसतील तर गरोदरपण, बाळंतपण आणि स्तनपान मिळून १५ ते ४५ टक्के बाळांना लागण होऊ शकते. त्यामुळे शक्य असेल तिथे पावडरचे दूध, असा सल्ला असे. तो महागात पडला. बोट्स्वानात २००६ मध्ये पुरानंतर अतिसाराची साथ आली, तेव्हा अंगावर न पिणारी बाळे मोठ्या संख्येने दगावली. एचआयव्हीपासून वाचलेले बाळ जुलाबाने गेले, तर आईच्या हाती काय उरले?

उत्तर औषधांतून मिळाले आणि त्यात पुण्याचाही वाटा आहे. बाळाला नेव्हिरापिनचे सिरप एका डोसऐवजी सहा आठवडे द्यायचे, या प्रयोगात इथिओपिया आणि युगांडाबरोबर पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय होते. २००८ मध्ये आलेल्या निष्कर्षांत सहाव्या आठवड्यापर्यंतची लागण ५.३ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलेली दिसली. मात्र सहा महिन्यांनी हा फरक बराच कमी झाला होता. म्हणजे फक्त बाळाला थोडे दिवस औषध देऊन भागत नव्हते. नंतर भारतासह सात देशांत झालेल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासात स्तनपान सुरू असेपर्यंत आईला एआरटी किंवा बाळाला नेव्हिरापिन दिले गेले. त्यात दुधातून होणारी लागण सहा महिन्यांपर्यंत ०.३ आणि वर्षापर्यंत ०.६ टक्के इतकीच राहिली. शून्य नव्हे, हे लक्षात ठेवायला हवे. चाचणीत विषाणू ‘न सापडणे’ म्हणजे तो नसणे नव्हे. यंत्राच्या मोजण्याच्या मर्यादेखाली असणे.

आता नियम काय?

नॅकोच्या सूचनांनुसार पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. पाणीही नाही. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करून स्तनपान वर्षभर. बाळाला लागण झालेली असेल तर दोन वर्षांपर्यंत. पाजणे एकदम तोडायचे नाही, हळूहळू कमी करायचे. बाळाची तपासणी सहा आठवडे, सहा महिने, बारा महिने आणि शेवटी अठरा महिन्यांनी.

घुटीचा प्रश्न

खरी अडचण सुरू होते ती माहेरी किंवा सासरी, बाळंतिणीच्या खोलीत. आजी सहाणेवर घुटी उगाळते, कोणी मध चाटवते, ‘दूध पुरत नाही’ म्हणून बोंडल्याने गाईचे दूध पाजले जाते. पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाबरोबर असे काही दिले की बाळाच्या आतड्याचे नाजूक अस्तर दुखावते आणि विषाणूला वाट मिळते. दक्षिण आफ्रिकेतल्या २००७ च्या अभ्यासात आईच्या दुधाबरोबर घन अन्न मिळालेल्या बाळांमध्ये लागणीचा धोका जवळपास अकरा पट आढळला. त्या काळात आयांना आजच्यासारखी औषधे मिळत नव्हती. आज आई एआरटीवर असेल आणि चुकून घुटी दिली गेली, तर घाबरून स्तनपान थांबवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून सांगते.

पण ‘घुटी नको’ हे सूनबाईने म्हणायचे कसे? कारण विचारले तर? नवऱ्याशिवाय घरात कोणालाच ठाऊक नसते, कधी त्यालाही नसते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यामुळे तिच्या संमतीविना दवाखाना ही माहिती आशाताईला किंवा सासूबाईंना सांगू शकत नाही, आणि ते योग्यच आहे.

इथे एक गोष्ट तिच्या बाजूची आहे. सहा महिने फक्त अंगावरचे दूध, हा सल्ला आता सगळ्याच आयांना दिला जातो. आशाताईने तो वाडीतल्या प्रत्येक घरी, आजीसमोर ठासून सांगितला, तर ‘डॉक्टरांनी सगळ्यांनाच सांगितलंय’ एवढे म्हणून या आईची सुटका होते. गुपित न फोडता बाळ वाचवण्याचा याहून स्वस्त मार्ग दिसत नाही. सिरपची बाटली मात्र लपवावीच लागते.

आईच्या ताटाचे काय?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० कॅलरी जादा लागतात. दोन भाकऱ्या, वाटीभर आमटी, मूठभर शेंगदाणे, साधारण एवढे. एचआयव्ही असेल तर, लक्षणे नसली तरी, ऊर्जेची गरज आणखी १० टक्क्यांनी वाढते.

अन्नसुरक्षा कायद्यानुसार अंगणवाडीचा आहार बाळंतपणानंतर सहाच महिने मिळतो. नॅको सांगते वर्षभर पाजा. उरलेल्या सहा महिन्यांत बाळाचा शिधा सुरू होतो, आईचा बंद होतो.

संजय गांधी निराधार योजनेत एचआयव्हीबाधितांना महिना १,५०० रुपये मिळू शकतात. अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. इतक्या पैशांत घर चालवणारे कुटुंब कागदावर दाखवायचे तरी कसे? शिवाय अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा, आजाराचा दाखला जोडून. मेढ्यात त्या खिडकीपलीकडे ओळखीचाच कोणी बसलेला असू शकतो. त्या भीतीने अर्जच न करणारी बाई कोणत्याही आकडेवारीत येत नाही.