बरणीतली ऊब, आभाळातली ऊब

पूर्णेकाठच्या केदारखेड्यासारख्या गावात 'हरितगृह परिणाम' शिकवायला खर्च असा काही नाही. दोन तापमापक, काचेची बरणी, काळी माती आणि ऊन. एक तापमापक बरणीत मूठभर मातीवर ठेवून झाकण लावायचे, दुसरा शेजारी तशाच मातीवर उघडा. पंधरा-वीस मिनिटांत बरणीतला तापमापक पुढे जातो. उन्हात उभ्या राहिलेल्या जीपमध्ये बसलेल्या मुलांना याचे फारसे नवल वाटत नाही.

घोटाळा होतो तो पुढच्या वाक्यात. 'ही काच म्हणजे पृथ्वीभोवतीचा कार्बन डायऑक्साइड' असे सांगून आपण मोकळे होतो. माझा आग्रह असा, की गुरुजींनी त्याच वेळी झाकण काढायला लावावे. काच तिथेच असते, तरी तापमान उतरू लागते. कारण कोंडलेली गरम हवा निघून जाते. पॉलिहाऊसच्या बाजूचे पडदे वर गुंडाळणाऱ्या शेतकऱ्याला हे ठाऊक असते. १९०९ मध्ये रॉबर्ट वुड यांनी काचेऐवजी उष्णतेचे किरण जाऊ देणारी सैंधवाची तबकडी लावून पाहिली, तरी पेटी जवळपास तेवढीच तापली.

वातावरणाला झाकण नाही. तापलेली जमीन अदृश्य किरणांनी उष्णता वर सोडते. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड ती शोषून काही भाग खाली परत धाडतात. ही ऊब नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान १५ ऐवजी उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. कारखानदारीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेला कार्बन डायऑक्साइड आज ४२० च्या वर गेला आहे.

हा काही शब्दांचा कीस नव्हे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. असल्या मुलखात वाढणाऱ्या मुलाला उद्या कुणी विचारले, 'आभाळाला कुठे काच आहे?' तर त्याने निरुत्तर का व्हावे?

खरा धडा रात्री आहे. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असले की पहाटे हुडहुडी भरते; ढग आले की थंडी पळते आणि गहू-हरभऱ्याची काळजी सुरू होते. (ढगांबरोबर कधी उबदार वारेही येतात, हे सांगायलाच हवे.) मुलांनी महिनाभर सूर्योदयापूर्वीचे तापमान आणि आभाळाची स्थिती वहीत टिपावी. रात्री दारे धरायला जाणाऱ्या घरांत पहाटे जागे असणे काही अवघड नाही.